‘बाप भी बंद’ची तारीफ

परवा कुण्या उत्साही माणसाने आमची दुसरी कॅसेट इंटरनेटवर चढवली. खाली लोकांच्या तारिफांची रांग. ‘भिया, क्या जमाना था’, ‘इंदूरचं पहिलं रॅप’, ‘ती बापाची ओळ, सलाम!’ भाची दर तासाला फोन घेऊन येते, मामा हे वाच, मामा ते वाच. मी म्हणतो, बाई गं, राहू दे ना, डोकं उठलंय. तिला वाटतं मामा भाव खातोय. भाव कसला डोंबलाचा! पन्नाशी उलटली, गुडघे धरतात, आणि त्या ओळीचं कौतुक ऐकायचा मला मनापासून कंटाळा आलाय. का, ते एकदा सांगून टाकतो.

आम्ही तिघं होतो, तिघंही मिलवाल्यांची पोरं. मिला एकामागून एक बंद पडत होत्या आणि त्याच सुमाराला मोहल्ल्यात केबल आली. बाप घरी बसले आणि पोरांना टीव्हीवर अमेरिका दिसायला लागली. हिप-हॉप हा शब्द आम्ही तिथूनच उचलला. एकाकडे जुना कीबोर्ड होता, दुसरा तोंडानेच ताशा वाजवायचा, आणि बोलायचं काम माझं. हिंदी, मराठी, माळवी, जे तोंडाला येईल ते. पहिली कॅसेट कुणी हुंगलीसुद्धा नाही. दुसरी मात्र चालली, आणि चालली ती दोन ओळींवर:

भोंगा बंद, मिल भी बंद,
घर में बैठा बाप भी बंद.

बाप कोणाचा? माझाच. बाबांनी सारी उमर विणाई खात्यात काढली होती. शेकडो माग एकदम चालायचे, त्या धडधडाटात त्यांचे कान गेले. पण विणकराचं कानावाचून अडत नाही. त्या आवाजात ऐकू तर कुणालाच काही येत नसे, म्हणून ही माणसं एकमेकांशी नुसते ओठ हलवून बोलायची आणि दुसऱ्याचे ओठ वाचायची. चार माग पलीकडे उभा असलेला काय म्हणतोय ते बाबांना इथून कळायचं. घरीही तीच रीत. त्यांच्या समोर यायचं, तोंडावर उजेड घ्यायचा आणि मग बोलायचं. पाठ करून बोललात तर भिंतीशी बोललात.

मिल बंद पडली तेव्हापासून ते छत्रीबागेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून असत. सकाळी बसत ते दुपारी जेवायला उठत. मला भयंकर राग यायचा. काहीतरी करा ना, दुकानात बसा, पहारा द्या, काही पण करा! हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. कॅसेटमध्ये म्हणालो.

आणि लोकांनी डोक्यावर घेतलं की हो! पलासिया चौकातला कॅसेटवाला म्हणाला, भिया, माल टिकतच नाहीये, अजून आणा. सांवेरहून एक मुलगा मोटरसायकल हाणत आला, कॅसेटवर सही मागायला. त्याचा बाप कधी कुठल्या मिलमध्ये गेला नव्हता, सोयाबीन लावायचा. तरी म्हणे, भैयाजी, आमच्या घरची बात बोललात. नाकं मुरडणारेही होते. मराठी समाजाच्या कार्यक्रमात एका काकांनी मला थांबवून विचारलं, ‘अरे, हे गाणं आहे की नळावरचं भांडण?’ एका पेपराने लिहिलं, परदेशी नक्कल आहे, सहा महिन्यांत विसरतील. मी ते कात्रण पाकिटात ठेवून फिरायचो, शिव्या घालायला. त्या वयात नावं ठेवणाऱ्याची पण केवढी मजा वाटते!

रस्त्यातून जाताना पोरं मला बघून ओरडायची, ‘बाप भी बंद!’ स्कूटरवरून, मागून, गच्चीवरून. एकदा बाबा बरोबर होते. स्कूटर पुढे निघून गेली, मी हात वर केला, तो त्यांनी पाहिला.

‘काय म्हणाले रे ते?’

‘छान झालीये म्हणाले कॅसेट.’

बाबांनी पण लांब गेलेल्या त्या स्कूटरला हात दाखवला. मला लाज वाटली. पण किती? घरी जाऊन जेवण्याइतकीच. जेवलो मी व्यवस्थित.

मग एका हिंदी पेपराच्या रविवारच्या पानावर मोठं परीक्षण आलं. समीक्षकाने आमचं तोंडभर कौतुक केलं होतं. सगळ्यात वर काय, तर बापावरची ओळ. ती ऐकताना अंगावर काटा येतो, मिलवाल्यांच्या मुलांना आपला आवाज सापडला, वगैरे. ओळ कोणती ते मात्र छापलं नव्हतं. बाबांनी बोट फिरवत अख्खं परीक्षण वाचलं, दोनदा वाचलं, आणि घडी करून खिशात ठेवलं. मग मला ओढत खिडकीपाशी नेलं.

‘माझ्यावर लिहिलंयस? काय लिहिलंयस? म्हण ना.’

त्यांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. मिल बंद झाल्यावर पहिल्यांदाच हा माणूस कशासाठी तरी एवढा उतावीळ झाला होता. मी म्हणालो, ‘असं नुसतं नाही म्हणता येत बाबा, संगीत लागतं.’

‘मग कार्यक्रमाला येतो.’

आले. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कार्यक्रम होता. इस्तरीचा सदरा घालून, मागावरचे दोन जुने सोबती घेऊन पहिल्या रांगेत बसले. खिशात ते कात्रण. मागे ही गर्दी! बाबा माझ्या तोंडाकडे टक लावून होते. त्यांनी हाताने खूण केली, तो माइक जरा खाली घे, ओठ दिसत नाहीत. मला कळली खूण. चांगली कळली. आणि मी माइक अजून वर घेतला, पार नाकापर्यंत, वरून दुसऱ्या हाताची मूठ धरली. मनात म्हटलं, झालं, एक ओळ निघून जाईल, कोणाला काय कळतंय.

ओळ आली. मी अर्धी म्हटली, उरलेली गर्दीने म्हणायची अशी आमची पद्धतच होती. सगळं मैदान ओरडलं. मागच्या आरोळीने खुर्च्या हलल्या असतील, म्हणून म्हणा, किंवा आपल्या पोरासाठी किती माणसं आलीत ते बघावंसं वाटलं म्हणून म्हणा, बाबा हसत हसत मागे वळले. दोन्ही सोबतीही वळले. समोर तीन-चारशे तोंडं, सगळी एकच ओळ म्हणत होती, पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि त्यांच्यावर मैदानाचे दिवे लख्ख पडले होते.

तिघंही बराच वेळ मागेच बघत राहिले. मग पुढे वळले आणि कार्यक्रम संपेपर्यंत बसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी पुढची गाणी कशी म्हटली, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी मला परत खिडकीपाशी बोलावलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

‘ओळ खरी आहे,’ बाबा म्हणाले. ‘मी बंदच आहे. घरी बसलेल्या माणसाला घरी बसलेला म्हटलं, त्यात काय? मला सरळ सांगितलं असतंस तरी चाललं असतं.’

सुटलो म्हणून मी निघायला वळलो.

‘पण तोंड का झाकलंस?’

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

‘खात्यात साहेब लोक यायचे. आम्हाला ओठ वाचता येतात हे त्यांना माहीत होतं. आमच्याबद्दल काही वाईट बोलायचं झालं, कोणाला काढायचं झालं, की तोंडापुढे रुमाल धरायचे. रुमाल दिसला की आम्ही समजायचो, आज कुणाचा तरी नंबर आहे. बाकी कोणी आमच्यासमोर तोंड नाही झाकलं कधी.’

एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही हो, वाट बघत. माझ्या ओठांकडे बघत होते. मी ‘चुकलो बाबा’ म्हणालो. खरंच म्हणालो, मोठ्याने म्हणालो, आईने स्वयंपाकघरात ऐकलं. पण शरमेने मान खाली घातली होती, हनुवटी छातीला टेकली होती. त्यांना काही दिसलं नाही. ते थोडा वेळ थांबले, आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मान वर करून तेच पुन्हा म्हणायचं होतं, दोन शब्द. ते गेले तोपर्यंत माझ्याच्याने झालं नाही.