कूलरसमोरची जागा

अकोल्याला सासुरवाडी असलेल्या माणसाने मे महिन्यात तिकडे फिरकू नये, एवढी अक्कल मला आहे. पण यंदा अधिक महिना ऐन उन्हात आला, आणि अधिकात जावयाला अनारशांचं वाण द्यायची रीत. मी अमरावतीहून बायकोबरोबर निघालो, पाठीवर लॅपटॉप घेऊन. दुसऱ्या दिवशी विद्यापीठात माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती आणि सादरीकरणावर शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. माझा विषय काळ्या जमिनीतला ओलावा. हे लक्षात असू द्या, पुढे माझी फजिती नीट समजेल.

वऱ्हाडातल्या घरात उन्हाळ्यात मानाची जागा एकच, कूलरसमोरची. या घरात ती सासऱ्यांची. ते वीज खात्यातून निवृत्त झालेले, आणि कूलरच्या बटणाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. जावई आला की तेवढ्यापुरते ते उठतात, पण चेहऱ्यावर राज्य सोडल्याचा भाव असतो. सासूबाईंचं वेगळंच. "जावई डाक्टर होऊन रायले," असं त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं होतं आणि पेढ्यांचीही सोय करून ठेवली होती. नापास व्हायची मला सोयच उरली नव्हती.

जेवलो, आणि अर्थातच झोपलो. उठून लॅपटॉप सुरू केला. आतला पंखा घरघरला, बटणांखालचे दिवे लागले, तीनदा बीप झालं आणि पडदा काळाठिक्कर. बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तीन बीप, पुन्हा काळोख.

"किती शिट्ट्या झाल्या?" स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं.

"तीन."

"मंग झालं असन आता. पाहा बरं उघडून."

सासरे पुढे सरसावले. "चार्जर काढा आन् बटण दाबून धरा. सबस्टेशनात आमी असंच करत होतो." दाबून धरलं. सोडलं, लावलं. तीन बीप. मग वायर जोडून लॅपटॉप टीव्हीला लावला, तर टीव्हीनेही सिग्नल नसल्याचं सांगून हात वर केले. म्हणजे पडदा निर्दोष होता, दुखणं आत होतं.

बायको आतापर्यंत मोबाइलवर शोधत होती. "या मॉडेलला तीन बीप म्हणजे रॅमची तक्रार," ती म्हणाली. "सादरीकरण दुसरीकडे ठेवलं आहे ना?"

मी वाणाच्या ताटातल्या उरलेल्या अनारशाकडे पाहिलं.

"धन्य आहे तुमची," असं म्हणून तिने आईच्या शिलाई मशीनचा पेचकस आणला. मागचं झाकण उघडलं, बॅटरीची जोडणी सोडवली आणि रॅमची बोटभर पट्टी अलगद बाहेर काढली. पट्टीला बोट लावून ती थबकली.

"हे ओलं कावून आहे?"

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला, एरवी गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा, आता कसाबसा ऐकू येणारा.

"मीच ठेवला होता कूलरसमोर. तुमी झोपले होते, अन् हा बाजूले तापून रायला होता. हात लावून पाह्यलं तं अंग असं चटका देये. म्हटलं, जावयाचाच आहे तो बी. त्यालेबी थोडी हवा लागू द्या. मंग तुमी उठाच्या आधी पुसून परत जागेवर ठेवून देला."

सासऱ्यांनी आदल्याच दिवशी कूलरला नवं गवत भरलं होतं आणि पाण्याचे तुषार पार भिंतीपर्यंत उडत होते. म्हणजे दुपारभर माझा लॅपटॉप मानाच्या जागेवर बसून न्हाऊन निघाला होता.

"ओलाव्यावर पीएचडी करणाऱ्या माणसाच्या उशाशी हे झालं," बायको म्हणाली. मला हसू आलं असतं, पण सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. "माह्यामुळं तुमची डाक्टरी गेली का जी?" त्यांनी विचारलं, आणि मला माझ्या परीक्षेपेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली.

"गच्चीवर ठेवा ना, घंट्यात वाळते," सासरे म्हणाले.

"वाळवायचा आहे, बाबा, भाजायचा नाही. खोलीतच राहू द्या. पण हवेत ओल नको," बायको म्हणाली.

सगळ्यांनी कूलरकडे पाहिलं. सासरे उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं.

अकोल्याची मे महिन्यातली दुपार आणि बंद कूलर. बाहेर ओसरीत बसायला कुणाचीच ना नव्हती, पण सासूबाई लॅपटॉपजवळून हलेनात, म्हणून कुणीच हललं नाही. सासऱ्यांचा बनियन भिजून अंगाला चिकटला होता. ते वर्तमानपत्राने वारा घालत होते, स्वतःला नाही, लॅपटॉपला. आजवर हा माणूस माझ्याशी पावसापाण्यापलीकडे फारसं बोलला नव्हता. पण त्या वर्तमानपत्राच्या वाऱ्यातून मला काय ते समजलं.

ऊन कलल्यावर बायकोने पट्टीच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवला, ती जागेवर खटकन बसवली, झाकण लावलं. मी बटण दाबलं. बीप नाही. पडदा उजळला आणि काळ्या जमिनीचा नकाशा समोर आला. सासऱ्यांनी आधी नकाशा पाहिला, मग कूलर लावला आणि त्याच्यासमोर जाऊन बसले. वाण घेऊन झालं होतं, जावयाचा मान संपला होता.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेच्या खोलीत शिपायाने आदराने कूलर माझ्या टेबलाकडे वळवला.

"बंद करा!" मी ओरडलोच.

पुण्याहून आलेले परीक्षक प्रश्नांचा गठ्ठा घेऊन बसले होते. घाम पुसता पुसता त्यांनी दोनच विचारले आणि माझं अभिनंदन करून घाईने बाहेर पडले.

मी लगेच अकोल्याला फोन लावला. सासूबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला.

"लॅपटॉप बरा आहे का जी? सकाळपासून इथं कूलर लावू नाही देला मी कोणाले."

"बरा आहे."

"बोलला का साऱ्यांसमोर?"

"बोलला."

पलीकडे त्यांनी सुस्कारा सोडला आणि ओरडून सांगितलं, "अहो, लावा आता कूलर!"