स्वतः बसते

छकुलीला भरवायचं म्हणजे पाऊण तासाचं काम. चमचा जिभेच्या कडेने आत सारायचा, हनुवटी खालून धरायची, घास गळ्याखाली उतरला की मगच दुसरा. घाई केली की ठसका, आणि ठसका लागला की आईचा जीव टांगणीला. छकुली सतरा वर्षांची झाली होती. नाव तेवढं लहानपणीचं राहिलं होतं.

मऊ भाताचा चौथा घास उतरत होता आणि दार वाजलं.

"मदतनीस योजनेतून आलेय. तपासणीला."

योजनेच्या पत्रात दुपारी तीन लिहिलं होतं, आणि आत्ता जेमतेम बारा वाजत होते. काजवालीच्या, म्हणजे छकुलीच्या आईच्या, डोक्यात तिडीक गेली, पण "दोन मिनिटं हं, मॅडम" म्हणताना तिने आवाज गोड ठेवला. शर्टांची काजं करून घर चालवणारी बाई. गल्लीत तिला याच नावाने ओळखत. लेक तीन वर्षांची असताना नवरा "आलोच" म्हणून गेला, तो अजून येतोच आहे. त्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी रोज दोन तासांसाठी मदतनीस बाई देऊ म्हणालं होतं. ते आजच्या तपासणीवर ठरणार होतं.

आणि त्या दोन मिनिटांत तिने काय केलं? जन्मभर करत आली तेच. लेकीचं तोंड पुसलं, लाळेरं काढलं, इस्त्रीचा कुर्ता चढवला, खुर्चीत बसवून छातीशी आणि पोटाशी ओढणीने घट्ट बांधलं, वरून शाल. मान कलू नये म्हणून दोन्हीकडून उशा. लेकीकडे बघून कुणी नाकाला रुमाल लावलेला तिला खपत नसे.

मॅडम आत आल्या आणि हसल्या. "अगं बाई, किती छान बसलीय. आणि घर काय लख्ख ठेवलंय हो ताई."

काजवाली सुखावली. क्षणभरच. मग तिची नजर मॅडमच्या कागदावर गेली. मुलगी स्वतः बसते. आई सक्षम. मदतनिसाची गरज नाही.

"हे काय लिहिलंत?"

"जे दिसलं ते. रागावू नका, कौतुकच आहे हे तुमचं. काल एका घरात वासाने उभं राहवत नव्हतं. त्यांना आधी द्यायला नको?"

"म्हणजे हिला घाणीत लोळवली असती तर मिळाली असती."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "तुमच्यासारख्या आया म्हणजे खरंच देव."

"देवाचं बरं असतं. त्याला आंघोळ दुसरे घालतात, जेवणही दुसरेच पुढे आणतात."

काजवालीला मॅडमचा राग आला होताच, पण त्याहून जास्त स्वतःच्या त्या दोन मिनिटांचा होता. तिने शाल ओढली, उशा काढल्या, एका हाताने लेकीला सावरत गाठ सोडली. ओल्या चादरीसारखी छकुली पुढे ओघळली. तोंडातला भात आईच्या बाहीवर आला.

"अहो, पडेल ती."

"पडते. दिवसभर पडते. इकडे या, बसा अशा. एक हात मानेखाली, एक पाठीला."

"ताई, मला अजून चार घरं करायचीत."

"असू देत. कागदाचं नंतर बघू. परवापासून माझ्या अंगाला पाणी लागलेलं नाही. दहा मिनिटं हिला धरा. मला आंघोळ करायची आहे."