शेजारचे लूम बंद असताना

मी अंजूरची. कॉलेज संपवून ज्या कंपनीत लागले, तिचं काम माझ्याच भागात निघालं, धामणकर नाक्याजवळच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका कारखान्यात. मालकिणीला सगळे आपा म्हणत. नवऱ्यामागे कारखाना त्याच चालवत होत्या.

आम्ही प्रत्येक लूमच्या मोटरवर काडेपेटीएवढा सेन्सर चिकटवला होता. त्यात बॅटरी नव्हती. मोटर तापली की त्या उष्णतेवरच तो थोडी थोडी वीज जमवायचा. पुरेशी जमली की मोटर किती तापलीय ते शेजारच्या सेन्सरला कळवायचा, तो त्याच्या पुढच्याला. असं करत आकडा कारखान्याच्या ऑफिसातल्या माझ्या लॅपटॉपवर यायचा.

त्या शुक्रवारी दुपारी मागच्या भिंतीलगतच्या लूमचा आकडा भराभर चढला, आणि मग त्याच्याकडून काहीच येईना.

"बंद केला असेल लूम," आपा म्हणाल्या. "मोटर गार झाली की तो गप्प होतो, तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं. पण गप्प होण्याआधी आकडा भराभर चढला होता. काचेतून आत पाहिलं. बरेच कारागीर जुम्म्याच्या नमाजाला गेलेले, कितीतरी लूम थांबलेले. भिंतीलगतचा इथून दिसत नव्हता, पण त्याच्या शेजारचे बंद होते. म्हणजे तो अजूनही सांगत असेल; ऐकायला शेजारी कुणी जागं नसेल.

"आपा, मी बघून येते."

ओढणी कमरेला गुंडाळून मी लूमच्या मधल्या बोळात शिरले. खडखडाटात ओरडून काही उपयोग नव्हता. भिंतीलगतचा लूम चालूच होता. मोटरभोवती साचलेल्या सुताच्या लवेतून बारीक धूर निघत होता, आणि हातभर अंतरावर सूत गुंडाळलेले मोठे रूळ, बीम. मुकादम पाठमोरा धागा जोडत होता. मी त्याचा खांदा धरून त्याला वळवलं.

"पीछे हटो," एवढंच म्हणून तो मेन स्विचकडे धावला.

सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत लवेने पेट घेतला. मी वाळूची बादली उचलली, अर्धी पायावरच सांडली. उरलेली मुकादमाने माझ्या हातातून घेऊन ओतली, मग दुसरी. आग विझली.

आपा आल्या, काळ्या पडलेल्या मोटरजवळ वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "बेटा, जुम्म्याला ज्याचं कुणी ऐकत नाही, असं यंत्र घेऊन मी काय करू?"

पुढच्या आठवड्यात आम्ही मागच्या भिंतीवर वेगळा रिसीव्हर बसवला. आता तिकडचे सेन्सर शेजाऱ्यावर विसंबून नाहीत. रिसीव्हर कुठे लावायचा ते आपांनीच उभं राहून ठरवलं.

कंपनीतले लोक म्हणतात, सेन्सरने कारखाना वाचवला. आपा तसं म्हणत नाहीत. मुकादम मात्र शुक्रवारी मी असले की हमखास ऑफिसात डोकावतो. "मॅडम, लडके नमाज को जा रहे हैं," एवढंच सांगतो आणि परत लूमकडे वळतो.