दादाचे चाळीस सेकंद

कात्रीताईंना खऱ्या नावानं हाक मारणारं त्या रेडिओ केंद्रात आता कोणी उरलं नव्हतं. चोवीस वर्षं त्या एकच काम करत होत्या. शनिवारी सकाळी कलेवरची चर्चा लागायची, तिचं ध्वनिमुद्रण आणि संपादन. पाहुणे तासभर बोलत, ताई त्यातून अठ्ठावीस मिनिटं काढत. खोकले, पाण्याचे घोट, 'म्हणजे काय आहे ना', सगळं जाई. एका समीक्षकांनी तर एकदा फोन करून सांगितलं होतं, "मी इतका मुद्देसूद बोलतो हे मला माहीतच नव्हतं."

त्या मंगळवारी पाहुणा होता त्यांचाच थोरला भाऊ. दादा शिल्पकार, चांगला नावाजलेला. विषय होता कलावंत आणि त्याचं घर. मधेच शेजारच्या स्टुडिओतला माईक बिघडला म्हणून ताईंना तिकडे बोलावलं, त्यामुळे वीसेक मिनिटं त्यांनी ऐकलीच नाहीत. निघताना दादा म्हणाला, "बोलणं हवं तेवढं काप गं. नाक तेवढं कापू नकोस."

गुरुवारी दुपारी दादा आपल्या कार्यशाळेत कोसळला आणि तिथेच गेला.

शुक्रवारी सकाळी सगळं उरकून ताई दोन वाजता कामावर हजर.

"अहो ताई, आज कशाला आलात?" निर्मात्या मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला तरी देते मी."

"दुसऱ्याला त्याचा आवाज ओळखीचा व्हायला वेळ लागेल. कार्यक्रम उद्या आहे."

हेडफोन लावले. दादा बोलू लागला. ताईंना वाटलं, आता भडभडून येईल. काहीच आलं नाही. हात नेहमीसारखे चालत होते. खुर्ची करकरली ते काढलं, एक लांब श्वास काढला. मग न ऐकलेला भाग आला.

"आमच्या घरात खरा हात माझ्या धाकट्या बहिणीचा होता. चित्रं काढायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं सगळं सोडलं. लोक हळहळले. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. हे मी तिला कधी सांगितलं नाही."

"आणि आता?" सूत्रसंचालकाचा प्रश्न.

"आता सांगतोय. ठेवायचं की काढायचं, ते तिच्या हातात."

सगळे मिळून चाळीस सेकंद. ताईंनी ते तीनदा ऐकले. तिसऱ्यांदा मागे कुठे खरखर आहे का, हे बघायला.

मॅडम मागे उभ्या होत्या. "काढून टाकू या का? घरचं आहे तुमचं."

"नको. आवाज स्वच्छ आहे."

अजून चार मिनिटं जास्त होत होती. धातू ओतण्याबद्दल दादा फार बोलला होता, ते त्यांनी कापलं.

शनिवारी वहिनीच्या स्वयंपाकघरात दोघींनी कार्यक्रम ऐकला. वहिनीनं रेडिओ बंद केला.

"तुम्हाला माहीत होतं हे?"

"नाही."

"राग आला?"

ताईंनी जरा वेळ आत चाचपून पाहिलं. "काहीच हाताला लागत नाही गं," त्या म्हणाल्या.

वहिनीनं चहा पुढे सरकवला. तो त्यांनी प्यायला. गरम होता, एवढंच कळलं.

सोमवारी टेलिफोनवरचा माणूस कागद घेऊन आला. "ताई, बरेच फोन येतायत. त्या बहिणीचं पुढे काय झालं, विचारतात. काय सांगू?"

"नोकरी करते म्हणावं," ताई म्हणाल्या, आणि नव्या पाहुण्यांना माईकजवळ सरकून बसायला सांगायला आत गेल्या.