फरियाद मागे घ्यायला आलेलं स्थळ

तरुणपणी मी भलतीच हुशार होते. बडोद्याच्या नागरवाड्यातून गाण्याच्या क्लासला जाताना एक सायकलवाला रोज मागे यायचा. मी काय केलं, तर घरी चकार शब्द न काढता क्लासच सोडला. कारण सांगितलं, घसा बसतो. आईनं ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला आणि ठणठणीत घशाची ती शहाणी मुलगी दिवाळीपर्यंत तो नाक दाबून प्यायली. मागे लागणारा तो, आणि औषध मला. वर मनात कुठेतरी असंही, की कुणी मागे येतंय म्हणजे आपण दिसायला बऱ्या असणार. आरशात बघून वेणी सारखी करायची आणि लगेच भीतीनं रडायचं, असा सगळा तमाशा.

नात माझ्यावर गेली नाही, हे आमच्या घराचं नशीब.

ती मकरपुऱ्याला एका कंपनीत काम करते. तिथलाच एक मुलगा तिच्या मागे लागला. तरसालीचा, आपल्याच मराठी लोकांतला. तिनं नको म्हणून तोंडावर सांगितलं. मग तो गेटपाशी उभा राहू लागला, तिच्या स्कूटरमागून रावपुऱ्यात आमच्या घरापर्यंत येऊ लागला. एक नंबर बंद केला की दुसऱ्यावरून मेसेज. शेवटी तिनं पोलिसांत फरियाद दिली. पोलिसांनी त्याला धरलं, आणि संध्याकाळी स्वारी घरी परत.

"हे कसलं धरणं?" मी आमच्या वकीलबाईंना विचारलं.

"आजी, पाठलागाचा पहिला गुन्हा जामिनाचा असतो. सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद. एकदा शिक्षा होऊन पुन्हा केला तर पाचपर्यंत, आणि मग जामीन कोर्टाच्या मर्जीवर."

"म्हणजे पहिला पाठलाग सवलतीत."

त्या हसल्या. पण अडचण वेगळीच होती. तिनं स्पष्ट नकार दिला आणि तरीही तो येत राहिला, हे कोर्टात दाखवावं लागणार होतं. नकार तिनं तोंडी दिलेला. तो म्हणणार, हिलाही हवंच होतं.

एवढ्यावरच माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, गळाठला. फरियाद मागे घेऊ, हिला पुण्याला आत्याकडे पाठवू, असं त्याचं सुरू झालं.

"बाबा, मी नोकरी सोडणार नाही आणि बडोदंही सोडणार नाही," नात म्हणाली.

"आई, तू तरी समजाव हिला."

"मी समजावलेलं तुला परवडायचं नाही," मी म्हटलं.

असं सगळं तापलेलं असताना एका रविवारी सकाळी त्या मुलाचे आईवडील दारात. हातात नारळ, साडी आणि चक्क मुलाची पत्रिका.

"झालं गेलं सोडा. समाधान करून टाकू, आपसात मिटवू," वडील म्हणाले. "दोघांचं लग्न लावलं की फरियादही गेली आणि बदनामीही."

माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. अंगाची आग झाली माझ्या. नात तर तोंड उघडणारच होती. तिला म्हटलं, "पोहे आण आधी. स्थळ आलंय, रीतीनं होऊ दे."

स्थळाची बैठक कशी चालते ते आपल्याला माहीत आहे. मुलीकडच्या थोरांनी विचारायचं आणि मुलाच्या आईनं त्याचं कौतुक करायचं. आईला तेवढीच तर संधी असते. मी पदर सावरून बसले.

"मुलाबद्दल सांगा की. स्वभावानं कसा आहे?"

"फार चिकाटीचा. एकदा मनात घेतलं की सोडत नाही."

"पण आमच्या मुलीनं नाही म्हटलं होतं म्हणे?"

"एकदा नाही हो आजी, तीनदा. घरी येऊन सांगायचा मला, आई, आज पण नाही म्हणाली. मी म्हटलं, मुली लाजतात. पण हा काही हलला नाही. ऊन असो, पाऊस असो, गेटपाशी हजर. त्यापायी नोकरी गेली त्याची. असं प्रेम आजकाल कुठे मिळतं?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "अजून थोडे पोहे घ्या. आणि आमचं घर कसं सापडलं त्याला?"

"स्कूटरच्या मागे मागे येऊन. हुशार आहे पहिल्यापासून."

वडिलांचा चमचा थांबला. त्यांनी बायकोला कोपरानं ढोसलं, पण बाई रंगात आल्या होत्या. मी सगळं ऐकून घेतलं, मग नारळ, साडी, पत्रिका जशीच्या तशी परत दिली.

"पत्रिका जुळत नाही."

"अहो, पण तुम्ही उघडलीच नाही."

"तरीही."

वकीलबाई म्हणाल्या, एवढ्यावर केस जिंकता येत नाही, पण नकार मुलाच्या कानांवर पडला होता हे त्याच्याच आईनं सांगितलं, ते फार कामाचं. माझा पोलिसांत जबाब झाला. माझा मुलगा म्हणाला, "मला कशाला त्यात?" त्याला म्हटलं, पोहे खाताना तुझे कान बंद नव्हते. कुरकुरत गेला, पण गेला, आणि खरं तेच सांगून आला. त्यानंतर घरात पुण्याचं नाव निघालं नाही.

बऱ्याच तारखांनंतर माझी साक्ष झाली. समोरच्या गुजराती वकिलानं गोड आवाजात विचारलं, "माजी, या वयात तुम्हाला नीट ऐकू येतं का?"

"येतं की. आताच तुम्ही तुमच्या ज्युनियरला म्हणालात, म्हातारी डोशी दोन मिनिटांत गोंधळेल. ती दोन मिनिटं सुरू झाली का?"

न्यायाधीशबाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. वकील लवकरच बसले.

निकाल अजून लागायचाय. काय लागेल ते कुणी सांगत नाही. नात रोज कामाला जाते. माझी साक्ष उरकल्यामुळे मला आता आत बसता येतं, म्हणून मी प्रत्येक तारखेला इस्तरीची साडी नेसून जाते, त्या मुलाच्या अगदी समोर बसते आणि कोर्ट उठेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघते. तो चुळबुळतो, मान वळवतो, मग मी जागा बदलते. वकीलबाईंना विचारून घेतलंय मी. पाठलागाचं कलम फक्त पुरुषांना लागतं.