संध्याकाळचं पाणी

"सूर्य तापू दे, मग पाणी येईल," असं म्हणून समोरच्या खोलीतली वहिनी पदर डोक्यावर ओढायची आणि उंबऱ्यात बसायची. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या वस्तीत मे महिन्यात असं बोलणं म्हणजे हसं करून घेणं. आमच्या नळाला पाणी सकाळी येतं, आणि ऊन वाढलं की त्यातही कपात होते. शेजारची काकू तिला म्हणायची, "वहिनी, हा तुझा हिमालय नाय. हंडा उचल नि रांगेत ये."

वहिनी हसायची आणि उशिराच यायची. तुमच्याही आळीत अशी एखादी बाई असेल, इतकी वर्षं राहूनही माहेरच्या घड्याळावर चालणारी.

तिचं माहेर हिमालयात, बर्फाच्या पाण्यावर वाहणाऱ्या नदीकाठी. नवरा मालवणचा, तिच्या गावाजवळच्या एका हॉटेलात आचारी होता. लग्न करून तिला इथे घेऊन आला. तो वारला तरी ती इथेच राहिली, मसाल्याच्या पुड्या भरायच्या कामाला जात राहिली.

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. भूगोलाच्या प्रकल्पाला मी बर्फाच्या नदीचं खोरं घेतलं, ते तिच्याच भरवशावर. तिने सांगितलं, वरचा बर्फ दिवसभर उन्हात वितळतो आणि ते पाणी गावात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. शेताच्या पाटावर प्रत्येक घराची वेळ ठरलेली असते. संध्याकाळची वेळ सगळ्यांत चांगली. ती तिच्या वडिलांची होती, आता भावाकडे आलेली. त्या वेळी घरचं कुणी फावडं घेऊन पाटावर उभं नसलं, तर ती वेळ दुसऱ्या घराला जाते.

"आणि पाणीच नसेल तर?" मी विचारलं.

"असं होत नाही गं," ती म्हणाली.

यंदा भावाचा फोन आला. थंडीत वर बर्फच पडला नव्हता. पाट कोरडा होता. शेत सोडून तो मुंबईला वॉचमनच्या नोकरीला येणार होता. वहिनीने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि चहा गाळला. मी तिथेच होते.

भाऊ आला. तिने त्याला खोलीची किल्ली दिली, नळाची वेळ समजावली आणि माहेरच्या गावी निघून गेली. आता सकाळी रांगेत तो असतो.

परवा मी तिला फोन केला. तिकडे वाऱ्याचा आवाज होता. पाणी आलं का, असं विचारलं.

"नाही गं. पण शेजारचा म्हातारा बघून गेला, पाटावर आमच्या घरचं कुणी आहे का ते." फावडं दगडावर टेकल्याचा आवाज आला. "मी होते."