टेबलापलीकडची ठकी

शाळेला मोठी सुट्टी लागली की इमारतीतल्या बाकीच्या आया हुश्श करायच्या आणि केकताई पदर खोचायची. तिचा धंदा सुट्टीतच फुलायचा. गावोगावचे पाहुणे याच दिवसांत घरोघरी उतरत, कुणाचा साखरपुडा ठरे, कुणाची पन्नाशी साजरी होई, आणि सगळ्यांना केकवर काहीतरी लिहून हवं असे. केक तसे नाक्यावरच्या दुकानातही मिळत. पण दुकानातली अक्षरं मुंग्या पळाव्यात तशी दिसत. केकताई क्रीमचा कोन हातात धरायची, श्वास रोखायची आणि एका दमात अशी ओळ काढायची की लोकांना केक कापायला जीव होत नसे.

स्वयंपाकघरात एकच टेबल. त्याच्या एका बाजूला ती आणि समोर दोन्ही मुलं. बाजूला कुणी बसायचं नाही, कारण कोपराला धक्का लागला की सगळी ओळ वाकडी. हा नियम थोरली ठकी रांगत होती तेव्हापासूनचा. धाकटा गुंडू तर जन्मापासून समोरचाच. समोर बसून क्रीमचं उरलंसुरलं मिळतं, एवढं त्या दोघांना पुरे होतं.

या सुट्टीत मात्र केकताईचा जीव टांगणीला लागलेला होता. ठकीला वाचता येत नव्हतं.

हे उशिरा लक्षात आलं, कारण पोरगी भलती हुशार. धडा एकदा कानावर पडला की पाठ. वर्गात पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची आणि पान उलटायचं तेही बरोबर उलटायची. एके दिवशी बाईंनी दुसरंच पुस्तक पुढे ठेवलं, तेव्हा ठकी आधी गप्प झाली, मग तिने मान खांद्यावर टाकली, मग बोट ओळीच्या भलत्याच टोकाला ठेवलं आणि रडायला लागली. बाई समजूतदार होत्या. त्यांनी केकताईला बोलावून सांगितलं, की सुट्टीत घरी हिचं वाचन करून घ्या, सुट्टीनंतर मी पुन्हा वाचून घेईन. आलं तर दुसरी, नाहीतर पुन्हा पहिली, त्यात काही वाईट नाही.

वाईट नाही कसं? सगळ्या वस्तीत जिच्या अक्षराचं कौतुक, तिच्याच मुलीला अक्षर कळू नये! केकताईने हे नवऱ्याला सोडून कुणाला सांगितलं नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठलीही बिघडलेली गोष्ट थोडी थांबून पुन्हा सुरू करून बघावी, असं त्याचं साधं मत होतं. “होईल गं सुरू,” तो म्हणाला आणि जेवायला बसला.

पण सुट्टीला राहायला आलेल्या नणंदेच्या नजरेतून काही सुटत नसे. दुसऱ्याच दिवशी तिने ठकीला पलंगावर उताणी, डोकं खाली लोंबकळत सोडून, गोष्टीचं पुस्तक डोळ्यांपुढे धरलेली पाहिली.

“वहिनी, तुमची लेक वटवाघळाच्या शाळेत जाते का?”

केकताईने ठकीला दंडाला धरून सरळ बसवलं आणि अभ्यासाच्या वेळी माकडचेष्टा नकोत म्हणून दम भरला. सरळ बसल्यावर ठकीला एक अक्षर लागेना. नणंदेने मग आपली मुलं कशी शाळेत जाण्याआधीच वर्तमानपत्र वाचत होती ते सविस्तर सांगितलं. केकताई ऐकत राहिली आणि अंडी गरजेपेक्षा जास्त फेटली गेली.

रोज दुपारी ती ठकीला पलंगावर शेजारी घेऊन बसे. मायेने सांगून झालं, रागावून झालं, लाडीगोडीने झालं. ठकी मान वाकडी करी, डोळे चोळी, आणि शेवटी विचारी, “आई, मी तुझ्यासमोर जाऊन बसू?” केकताईला वाटे, पोरगी टाळाटाळ करते.

आणि मग तो आजी-आजोबांचा केक आला. कुठल्याशा मोठ्या कुटुंबाने सगळी नातवंडं गोळा केली होती आणि केकवर बरंच काही लिहायचं होतं. नणंद बाजारात गेलेली, गुंडू टेबलाखाली डबे वाजवत बसलेला. केकताईने ओळ पुरी केली, कोन खाली ठेवला आणि कंबर सरळ केली. समोरून ठकी म्हणाली,

“आई, त्या ‘ब’चा काना राहिला.”

केकताईने खाली पाहिलं. ‘आजोबांना’ लिहायचं होतं आणि लिहिलं होतं ‘आजोबंना’. गडबडीत एक काठी खरंच राहिली होती. तिने कोन उचलला, आणि हात तसाच हवेत राहिला.

“कुठल्या ‘ब’चा?” तिने अगदी हळू विचारलं.

“टिंबाच्या वरच्या.”

“टिंबाच्या खालच्या म्हणायचंय तुला.”

“नाही,” ठकी म्हणाली. आईला एवढंही कळू नये याचं तिला आश्चर्य वाटलं. “टिंब खाली असतं. रेघेच्या खाली. अक्षरं वर उभी असतात.”

केकताई आपल्या खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि ठकीच्या मागे, तिच्या डोक्याशी डोकं लावून उभी राहिली. तिथून केक तिने आजवर कधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं लिहिलेली आपली सगळी अक्षरं इथून कशी दिसतात ते तिला पहिल्यांदा दिसलं. रेघ जमिनीसारखी खाली, तिच्यावर पाय वर करून उभे असलेले ‘आ’ आणि ‘ब’, आणि ओळ उजवीकडून डावीकडे निघालेली. पोरगी हेच बघत लहानाची मोठी झाली होती. शाळेतली अक्षरं तिला नंतर भेटली, आणि ती सगळी तिला उलटी वाटली.

तिने गोष्टीचं पुस्तक आणलं, फिरवून उलटं ठकीपुढे ठेवलं. ठकीने उजव्या टोकाला बोट ठेवलं आणि वाचायला लागली. अडखळत, जोडाक्षरापाशी धापा टाकत, पण वाचायला लागली. न ऐकलेली गोष्ट, न पाठ केलेलं पान. केकताई आधी हसली, मग तिला हसू आवरेना, मग डोळ्यांतून पाणी आलं. बाजारातून आलेल्या नणंदेला वाटलं, केक बिघडला.

सगळं कळल्यावर नणंद पिशवी हातात तशीच घेऊन खाली बसली. “म्हणजे ही बया वाचत होती?” ती म्हणाली. “इतके दिवस? आणि आपण हिला सरळ करत होतो?” मग तिने स्वतः पुस्तक उलटं धरून एक ओळ वाचून पाहिली आणि दुसऱ्याच शब्दाला अडकली.

रात्री जेवताना नवऱ्याने ऐकलं आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “उलटं वाचणं जास्त अवघड,” तो म्हणाला. “मला तर सुलटंही सावकाश येतं.” पण शाळेत बाई काही प्रत्येक पुस्तक फिरवून देणार नव्हत्या, आणि सुट्टी संपत आली होती. तो विचार केकताईला झोपू देईना.

उत्तर तिला सकाळी गॅलरीत, कपडे वाळत घालताना सापडलं. दोरीवर गुंडूचे मोजे, चड्ड्या, नवऱ्याचा खाकी शर्ट. तिने ठकीला हाक मारली.

“हे मोजे दोरीवर उभे आहेत का गं?”

“नाही. लटकलेत.”

“अक्षरंही तशीच. ती रेघेवर उभी नसतात. रेघेला लटकलेली असतात.”

ठकीने बराच वेळ मोज्यांकडे पाहिलं. “पडत नाहीत?”

“चिमटे चांगले असतील तर नाही पडत.”

त्या दिवशी केकताईने आपला नियम मोडला. ठकीची खुर्ची उचलून तिने आपल्या शेजारी आणली. दुपारपर्यंत कोपराला दोनदा धक्का लागला आणि एका ‘श’ला शेपूट फुटलं. तिने शेपटाला पानं काढली आणि तो केक जास्तच वाखाणला गेला. रिकाम्या ताटलीवर ती क्रीमने अक्षरं काढी, ठकी वाची, आणि वाचलेलं अक्षर गुंडू चाटून टाकी. न वाचलेलं चाटायचं नाही, असं ठरलं होतं, त्यामुळे गुंडू समोर उभा राहून बहिणीवर खेकसत असे, “वाच की लवकर, वितळतंय!” पहिले दोन-तीन दिवस ठकीचं डोकं दुखे आणि मान आपोआप वळे. मग ‘म’ सुलटा झाला, ‘क’ झाला, आणि एका संध्याकाळी ओळीचं डावं टोक तिला न सांगता सापडलं. नणंद जाताना इमारतीच्या जिन्यात भेटेल त्याला सांगत गेली, “आमची ठकी दोन्हीकडून वाचते. आमच्या घरात पहिल्यापासूनच आहे ते.”

शाळा उघडली त्या दिवशी केकताई वर्गाच्या दाराबाहेर उभी राहिली. बाईंनी नवंकोरं पुस्तक काढलं आणि ठकीपुढे ठेवलं. ठकीने डावीकडे बोट ठेवलं. एक ओळ झाली. दुसऱ्या ओळीत ‘प्रश्न’ आला आणि ती थांबली. केकताईचे ओठ हलायला लागले, ते तिने दातांखाली धरले. ठकीने एकदा मान वळवली, पुन्हा सरळ केली, आणि ‘प्र’ आणि ‘श्न’ वेगवेगळे पकडून जोडले. मग पान संपेपर्यंत ती थांबली नाही. बाई म्हणाल्या, “आता दुसरीच्या वर्गात जाऊन बस.” एवढंच. ठकी दप्तर घेऊन पळालीदेखील.

पहिला दिवस म्हणून शाळा लवकर सुटली. घरी एका गिऱ्हाइकाचा केक अर्धवट होता आणि ते गृहस्थ दाराशी येऊन थांबल्याचा फोन आला होता. केकताई भराभर चालत होती. पण ठकी चाव्यांच्या दुकानापाशी थांबली. “चा-व्या,” ती म्हणाली. “ब-न-वून मि-ळ-ती-ल.” पुढे शिंप्याची पाटी होती. तिच्यापुढे दवाखाना, डॉक्टरच्या वेळांसकट. केकताईचा फोन पुन्हा वाजला. गृहस्थ विचारत होते, किती वेळ लागेल.

दवाखान्याची पाटी चांगली लांबलचक होती.

“जरा बसा पायरीवर,” केकताई म्हणाली. “माझी मुलगी वाचतेय.”